लेक गरोदर आहे आणि अजून अठराची नाही: घरच्यांनी काय करायचं

मुलीची पाळी चुकली आहे हे घरात कळेपर्यंत बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. कपाटातलं पॅडचं पाकीट दोन महिने न फोडता पडलेलं असतं, सकाळी उमासे येत असतात, आणि आई पित्त समजून आलं-लिंबाचा रस देत राहते. या वयात पाळी तशीही मागेपुढे होते, त्यामुळे खुद्द मुलीलाही कधी कधी अंदाज येत नाही. आला तरी ती घाबरून गप्प बसते. मग एक दिवस मेडिकलमधून किट येतं, त्यावर दोन रेघा उमटतात आणि घरातले सगळे एकदम बोलायला लागतात. कोण तो? कधीपासून चाललंय? लोकांना तोंड कसं दाखवायचं?

त्या दिवशी कामाचा प्रश्न वेगळाच असतो आणि तो सहसा कुणी विचारत नाही: किती आठवडे झाले? कोणते मार्ग अजून उघडे आहेत, कुठल्या दवाखान्यात जायचं, एका डॉक्टरचं मत पुरेल की कोर्टाची पायरी चढावी लागेल, हे बरंचसं त्या आकड्यावर ठरतं. रडण्या-भांडण्यात, देवाला कौल लावण्यात, गावाकडच्या काकांना बोलावून बैठक घेण्यात गेलेला एकेक आठवडा त्यातूनच वजा होतो.

'आपल्यासारख्यांच्या घरात असलं काही होत नाही' हे आधी डोक्यातून काढून टाका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ७.६ टक्के मुली आई झालेल्या किंवा गरोदर होत्या. यात बालविवाहाचा वाटा मोठा. त्याच सर्वेक्षणात २० ते २४ वयाच्या २१.९ टक्के बायकांचं लग्न अठरा पूर्ण होण्याआधी झालेलं आढळलं. बीडकडच्या ऊसतोड कुटुंबांत हे का होतं ते तिथल्या कुणालाही विचारा. दिवाळीच्या सुमारास आईबाप कारखान्यावर निघाले की वयात आलेली पोर गावात कुणाच्या भरवशावर ठेवायची? शिवाय मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मिळते ती कोयत्याला, म्हणजे नवराबायकोच्या जोडीला. तेव्हा या लेखातली लेक कॉलेजात जाणारी असू शकते, तशीच गळ्यात मंगळसूत्र असलेलीही असू शकते. कायद्याच्या नजरेत दोघी सारख्याच अल्पवयीन.

आठवडे कसे मोजतात

गर्भाचं वय शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून धरतात, संबंध आले त्या दिवसापासून नाही. म्हणजे ठरलेल्या तारखेला पाळी आली नाही त्याच दिवशी हिशेबात चार आठवडे झालेले असतात. दोन पाळ्या चुकल्या म्हणजे निदान आठ. 'दोनच महिने तर झालेत' असं म्हणणारं घर बरेचदा प्रत्यक्षात दहाव्या-अकराव्या आठवड्यात असतं. पाळीची तारीख आठवत नसेल तर सोनोग्राफीतून वय कळतं, आणि ती जितकी लवकर केली तितका अंदाज नेमका येतो. गर्भ गर्भाशयातच आहे की नळीत, हेही तिथेच दिसतं. नळीतला गर्भ जिवावर बेततो.

आता कायदा. गर्भपात आपल्याकडे १९७१च्या कायद्याने ठरावीक अटींवर कायदेशीर आहे आणि २०२१च्या दुरुस्तीने त्याच्या मुदती वाढल्या. गर्भ राहिल्याने मुलीच्या शरीराला किंवा मनाला गंभीर इजा होण्याचा धोका असेल, तर वीस आठवड्यांपर्यंत एका पात्र डॉक्टरचं मत पुरतं. अत्याचारातून गर्भ राहिला असेल तर अशी मानसिक इजा कायदा गृहीतच धरतो. वीस ते चोवीस आठवड्यांत दोन डॉक्टरांची मतं लागतात, आणि ही वाढीव मुदत ज्यांच्यासाठी आहे त्या यादीत 'अल्पवयीन मुली' असा स्पष्ट उल्लेख आहे. चोवीसच्या पुढे गर्भात मोठं व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळ परवानगी देऊ शकतं. एरवी उच्च न्यायालयात जावं लागतं. मुलीचा जीव वाचवण्यासाठी ताबडतोब गर्भपात करणं भाग असेल, तर मात्र आठवड्यांची अट आड येत नाही. हे सगळं सरकारी रुग्णालयात किंवा मान्यताप्राप्त खासगी केंद्रातच व्हायला हवं.

मुलगी अठराच्या आत असेल तर पालकाची लेखी संमती लागते. इथे पालक म्हणजे मुलीचा सांभाळ करणारी व्यक्ती. त्यामुळे आईची सही चालते. वडील बाहेरगावी आहेत किंवा नवरा तयार नाही म्हणून अडून बसायचं कारण नाही. मुलगी अठरा पूर्ण असेल तर फक्त तिची स्वतःची संमती लागते, तुमची लागत नाही. संमतीपत्र आणि डॉक्टरांचं मत लिफाफ्यात बंद करून त्यावर 'गोपनीय' असं लिहिण्याचा नियम आहे, आणि डॉक्टरने मुलीची ओळख कायद्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीशिवाय इतर कुणाला सांगितली तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. 'सगळ्या गावाला कळेल' या धास्तीने जे सरकारी दवाखाना टाळतात, त्यांना हे सहसा कुणी सांगितलेलं नसतं.

आणि मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणून देणं? अजिबात नको. गोळ्यांनी गर्भपात करण्याची मुदत नऊ आठवड्यांपर्यंतची, तीही डॉक्टरच्या देखरेखीखाली. दिवसांचा हिशेब चुकलेला असतो, गर्भ नळीत असू शकतो, अर्धवट गर्भपात होऊन रक्तस्राव थांबत नाही, आणि लपवायचं म्हणून मुलीला रात्रभर घरातच ठेवलं जातं. तासाभरात दोन-तीन पॅड पूर्ण भिजत असतील, ताप किंवा चक्कर येत असेल, तर अब्रूचा विचार बाजूला ठेवून १०८ला फोन लावा.

तिला विचारलंत का?

सही पालकाची, पण शरीर तिचं. याबाबतीत महाराष्ट्रातलंच एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं. चौदा वर्षांची मुलगी, अत्याचारातून गर्भ राहिलेला. घरच्यांना कळलं तेव्हाच पंचवीस आठवडे झाले होते. उच्च न्यायालयाने परवानगी नाकारली. सर्वोच्च न्यायालयाने २२ एप्रिल २०२४ला ती दिली, पण तोवर गर्भ तिसाव्या आठवड्याच्या आसपास पोचला होता. मुंबईत सायनच्या रुग्णालयातल्या डॉक्टरांशी बोलल्यावर आईवडिलांना मुलीच्या जिवाची काळजी वाटू लागली, आणि आठवडाभरात, २९ एप्रिलला, न्यायालयाने त्यांच्या इच्छेनुसार आपलाच आदेश मागे घेतला. उपचारांचा खर्च कुटुंबावर पडू दिला नाही, आणि पुढे बाळ दत्तक द्यायचं ठरलं तर सरकारने मदत करावी असंही सांगितलं. त्या निकालपत्रात एक गोष्ट स्पष्ट लिहिली आहे: अल्पवयीन मुलीचं मत पालकांपेक्षा वेगळं असेल, तर न्यायालयाने तिचं मत महत्त्वाचं मानायला हवं.

कोर्ट जे करतं ते स्वयंपाकघरातही करता येतं. मुलीला एकटीला घेऊन बसा. मावशी, आत्या, थोरला भाऊ, सगळे समोर असताना ती काय बोलणार? पहिलं वाक्य 'कोण तो?' हे नको. 'तुझ्या मनाविरुद्ध झालं का? अजून कुणाची भीती वाटते का?' हे आधी विचारा. कारण दर वेळी प्रेमप्रकरणच असतं असं नाही. शेजारचा काका, क्लासचे सर, घरातलाच कुणी असू शकतो, आणि मुलीने नाव घेतल्यावर 'तो असा नाही' हे आपल्या तोंडून निघालं की ती पुन्हा तोंड उघडत नाही. माणूस घरातला असेल तर घराबाहेर त्याला काढा. पोरीला मामाकडे धाडून तो घरात, हे उलटं झालं. घरचेच ऐकत नसतील तर आई, मुलगी, शेजारीण, कुणीही १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन करू शकतं.

मुलीचा मोबाइल काढून घेणं, शाळा बंद करणं, खोलीत कोंडणं हे पहिल्या तासात सगळ्यांना सुचतं. भीतीने आधीच अर्धी झालेली पोर अशा वेळी जिवाचं बरंवाईट करू शकते, म्हणून पहिले काही दिवस रात्री तिच्याजवळ कुणीतरी झोपावं. १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या, क्रमांकावर मराठीत बोलता येतं, दिवसरात्र, फुकट. तिथे आईबापांनीही बोलायला हरकत नाही. वडिलांबद्दल एक सांगते: आपल्याकडे अशा वेळी बाप चिडतो आणि मग महिनाभर लेकीशी बोलणंच टाकतो. तो अबोला मुलीला शिव्यांपेक्षा जास्त लागतो. काही सुचत नसेल तर 'जेवलीस का?' एवढं तरी विचारा.

पोलिसांचं काय?

घरच्यांना सगळ्यात जास्त धास्ती याचीच, आणि ती अगदी निराधार नाही. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या २०१२च्या पॉक्सो कायद्यात अठराच्या आतल्या मुलीच्या संमतीला अर्थ नाही. दोघांचं प्रेम असो, दोन्ही घरांना मान्य असो, गुन्हा तो गुन्हाच. अशा संबंधातून मुलगी गरोदर राहिली तर तो गंभीर प्रकारात मोडतो आणि २०१९च्या दुरुस्तीपासून त्याची किमान शिक्षा वीस वर्षं आहे. मुलगाही अल्पवयीन असेल तर त्याचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं. सतरा वर्षांची मुलगी आणि एकोणीस वर्षांचा तिचा मित्र यांना हाच नियम लावणं मला अन्यायाचं वाटतं, आणि तसं वाटणारे वकील, न्यायाधीशही पुष्कळ आहेत. पण आज कायदा असा आहे.

डॉक्टर पोलिसांना कळवतात ते याच कायद्यामुळे. माहिती असून कळवलं नाही तर त्यांना सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, म्हणून 'डॉक्टर, तेवढं मिटवून टाका ना' असं हात जोडून काही होत नाही. मात्र २९ सप्टेंबर २०२२च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने यातून एक वाट काढली. अल्पवयीन मुलगी आणि तिच्या पालकांनी विनंती केली, तर गर्भपात करणाऱ्या डॉक्टरने पोलिसांना माहिती देताना मुलीचं नाव-गाव देण्याची गरज नाही. सगळ्या दवाखान्यांत हे माहीत असतं असं समजू नका. माहीत असूनही काही डॉक्टर धोका पत्करत नाहीत. तरी निकालाची तारीख एका कागदावर लिहून न्या आणि शांतपणे विचारा. अडलंच तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा वकील फुकट मिळतो; त्यांचा क्रमांक १५१००.

तक्रार द्यायची ठरली, किंवा झालीच, तर काही गोष्टी हक्काने मागायच्या. मुलीचा जबाब तिच्या घरी किंवा तिला सोयीच्या जागी घ्यायचा असतो, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, तेही वर्दी न घालता. रात्री तिला ठाण्यात थांबवता येत नाही. तपासणी महिला डॉक्टर करते, आणि त्या वेळी आई किंवा मुलीच्या विश्वासाचं कुणी जवळ असू शकतं. 'आधी एफआयआर आणा, मग बघू' असं म्हणून उपचार अडवता येत नाहीत. सरकारी असो की खासगी, रुग्णालयाने अत्याचारपीडितेवर मोफत उपचार करायचे आहेत. बालकल्याण समितीकडून मुलीला सहायक व्यक्ती मिळू शकते, जी खटला संपेपर्यंत सोबत राहते. आर्थिक मदतीसाठी राज्याची 'मनोधैर्य' योजना आहे, तिचा अर्ज विधी सेवा प्राधिकरणाकडेच जातो. अत्याचाराचं प्रकरण असेल आणि गर्भपात होणार असेल, तर डीएनए तपासणीसाठी नमुना राखून ठेवायला डॉक्टरांना आधीच सांगा. नंतर तो पुरावा पुन्हा मिळवता येत नाही.

'लग्न लावून टाका'

हा सल्ला चोवीस तासांच्या आत मिळतोच. देणारा बहुधा वयाने मोठा आणि आवाजानेही. २००६च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याखाली असं लग्न लावणाऱ्यांना, त्याला साथ देणाऱ्या आईबापांना आणि सज्ञान नवऱ्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. बायकांना कैद नाही, दंड आहे. गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे ग्रामसेवक, आणि अंगणवाडी सेविका त्याच्या मदतीला. लग्न लावल्याने पॉक्सोतूनही सुटका होत नाही: अठराच्या आतल्या बायकोशी संबंध हाही बलात्कारच, असं सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑक्टोबर २०१७ला सांगितलं आहे. म्हणजे एका गुन्ह्याच्या जागी दोन होतात, आणि पोरगी सहाव्या महिन्यात परक्या घरात भाकऱ्या थापायला जाते.

लग्न आधीच झालेलं असेल तर सासरचे केसपेपरवर वय एकोणीस लिहायला सांगतात. खिडकीवरचा माणूस मान वर न करता विचारतो, "वय?" आणि सासू पटकन उत्तर देते. पुढे आधार कार्डावरची जन्मतारीख, बाळाच्या दाखल्यावरचं आईचं वय, काहीच जुळत नाही. त्याहून वाईट म्हणजे समोरची सोळा वर्षांची, अजून वाढ पूर्ण न झालेली मुलगी आहे हे डॉक्टरलाच कळत नाही. वय खरंच सांगा.

गर्भ ठेवायचा ठरला, किंवा ठेवावाच लागला तर

जागतिक आरोग्य संघटना सांगते की १० ते १९ वयाच्या आयांना २० ते २४ वयाच्या बायकांपेक्षा बाळंतपणात झटके येण्याचा आणि नंतर जंतुसंसर्गाचा धोका जास्त असतो. बाळ दिवसांआधी किंवा कमी वजनाचं होण्याचाही. आपल्याकडे त्यात रक्तक्षयाची भर. गरोदरपणी हिमोग्लोबिन ११च्या खाली नको, आणि ७च्या खाली गेलं तर प्रकरण गंभीर. लोहाच्या गोळ्या चौथ्या महिन्यापासून रोज, निदान १८० दिवस, आणि बाळंतपणानंतरही तितकेच दिवस घ्यायच्या. चहाबरोबर नाही, आणि कॅल्शियमच्या गोळीबरोबरही नाही, नाहीतर लोह अंगी लागत नाही. शौचाला काळं होतं म्हणून मुली गोळ्या उशीखाली साठवतात. रिकाम्या पाकिटाऐवजी गोळी गिळताना बघा. 'कमी खा, बाळ मोठं झालं तर सिझर होईल' असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. तिचं स्वतःचं शरीर अजून वाढतंय, तिला दोन्हीकडचं खायला लागतं: भाकरी, डाळ, पालेभाजी, अंडं चालत असेल तर अंडं, शेंगदाणा-गुळाचा लाडू.

निदान चार तपासण्या हव्यात, पहिली बाराव्या आठवड्याच्या आत. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, त्या दिवशी मोठे डॉक्टर भेटण्याची शक्यता जास्त. गर्दीत बसायचं मुलीच्या जिवावर येत असेल तर आशाताईंना आधी फोन करा. नंबर लावून ठेवणं, मागच्या दाराने आत नेणं त्यांना जमतं. सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझर, औषधं, तिथला आहार आणि ने-आण हे सगळं मोफत आहे. प्रसूती घरी करायची नाही. डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज, अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, बाळाची हालचाल कमी होणं, यातलं एकही झालं तर सकाळपर्यंत थांबू नका.

बाळाचं पुढे काय, हे सातव्या महिन्याच्या आत बोलून घ्यावं. आजीआजोबांनी वाढवायचं तर 'बाळ आमचंच आहे' असं खोटं कागदावर आणू नका. एकट्या आईच्या बाळाच्या जन्मदाखल्यासाठी बापाचं नाव सक्तीचं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ सालीच सांगितलं आहे. दत्तक द्यायचं तर ते बालकल्याण समितीपुढे, रीतसर लिहून. त्यानंतर विचार बदलायला दोन महिने मिळतात. दवाखान्यातली कुणी आया 'एक चांगलं घर आहे, पैसेही देतील' म्हणाली तर ती मुलाची विक्री ठरते, आणि तुरुंगात तुम्हीही जाता.

शाळेचं बोलणं मात्र पहिल्याच महिन्यात व्हावं. वर्ग सुटला तरी दहावी-बारावी सुटत नाही: राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षेला बसता येतं, मुक्त विद्यालयाचाही पर्याय आहे. फॉर्मच्या तारखा दर वर्षी मंडळ जाहीर करतं आणि त्या बाळंतपणासाठी थांबत नाहीत, म्हणून शाळा सोडल्याचा दाखला आणि गुणपत्रिका आत्ताच काढून एका पिशवीत घालून ठेवा.